शाहूमहाराजांचा खंड्या आणि आमची ठकी

सातारा शहराच्या पूर्वेस, कृष्णा आणि वेण्णा ह्या दोन नद्यांच्या संगमावर, माहुली हें क्षेत्र वसलें आहे. रामशास्त्री प्रभुण्यांचें हें जन्मग्राम. येथील विश्वेश्वराचें देऊळ श्रीपतराव प्रतिनिधींनीं इ. स. १७३५ च्या सुमारास बांधविलें. त्याखेरीज देवळें, घाट व समाध्या यांची येथें इतकी दाटी आहे कीं, कोणतें काय हें सांगावयास बरोबर माहितगार असावा लागतो. ह्याच दाटींत एका कुत्र्याची दगडी मूर्ति आहे. थोरल्या शाहूमहाराजांचा जो खंड्या नांवाचा आवडता कुत्रा होता, त्याचें हें स्मारक.

शिराळ्याहून सातार्‍यास जातां येतां आम्हीं माहुलीचें दर्शन अनेकदां घेतलें आहे. परंतु त्या मूर्तीपुढें क्षणभर थांबावें असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. राजेरजवाड्यांच्या अनेक लहरींपैकीं ही एक, असें म्हणून आम्ही पुढें जात असूं. २०२४ सालच्या कार्तिकांत मात्र आम्ही मुद्दाम तेवढ्याचसाठीं माहुलीस गेलों. त्याचें कारण घरगुती आहे; पण तें सांगितल्यावांचून पुढील विवेचन वाचकांस चमत्कारिक वाटेल, म्हणून आधीं तेंच सांगतों.

आमच्या शिराळ्याच्या घरीं ठकी नांवाची एक कुत्री होती. सहा वर्षांपूर्वीं मोरणेस पूर आला असतां पुलाच्या कठड्याशीं ती कुडकुडत बसलेली सांपडली. तेव्हां ती मुलींच्या खेळांतल्या लाकडी ठकीएवढीच होती, आणि पुरी वाढ झाल्यावरहि तिची उंची मांजराहून फारशी अधिक झाली नाहीं. आमच्या आत्याबाई सोंवळेंओंवळें कडक पाळणार्‍या. कुत्र्यानें ओटीची पायरी चढतां कामा नये, हा त्यांचा पहिला हुकूम. तो महिनाभर टिकला. दुसर्‍या वर्षीं ठकी माजघरांत आली, आणि तिसर्‍या वर्षीं आत्याबाई पोथी वाचावयास बसल्या म्हणजे त्यांच्या आसनाच्या कडेशीं तिची जागा ठरून गेली.

फाल्गुनांत ठकी शिंकूं लागली. धुळीचे दिवस होते. आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. पुढें नाकाच्या दांडीवर बारीकशी सूज दिसूं लागली. सर्दीचीं औषधें झालीं, जंतुनाशक गोळ्या झाल्या. सूज उतरे आणि पुन्हां चढे. आषाढांत तिची मान एका बाजूस कलली. अंगणांत सोडली तर ती सरळ न चालतां वर्तुळांत फिरूं लागली, आणि एके सकाळीं दुधाचें भांडें समोर असतां तिला तें दिसेना. तेव्हां कोठें आम्ही हबकून तिला घेऊन शहरगांवच्या पशुवैद्यांकडे गेलों. त्यांनीं नाकांतील स्रावाची कांच तयार केली, तिजवर चिनी शाईचा थेंब सोडला, आणि सूक्ष्मदर्शक यंत्रांतून आम्हांसहि पाहूं दिलें. काळ्याभोर शाईमध्यें पांढरीं वाटोळीं खळीं दिसत होतीं, आणि प्रत्येक खळ्याच्या मध्यभागीं एक लहानसा कण होता. तो कण म्हणजे बुरशी. भोंवतालचें खळें म्हणजे तिचें चिकट कवच. शाई त्या कवचांत शिरूं शकत नाहीं, म्हणून तें उजळ दिसतें. वैद्य म्हणाले, "कुत्र्यांत हें क्वचितच पाहायला मिळतं. मेंदूपर्यंत गेलंय."

ह्या बुरशीस क्रिप्टोकॉकस असें नांव आहे. १८९४ सालीं जर्मनींत बुसे ह्या वैद्यानें एका स्त्रीच्या पायाच्या हाडांतून ती वेगळी काढली, आणि त्याच सुमारास इटलींत सानफेलिचे यास ती पीच फळाच्या रसांत सांपडली. ती रहाते कोठें, हें कळावयास मात्र पुष्कळ काळ जावा लागला. अमेरिकेंतील एमन्स यानें १९५५ सालीं दाखवून दिलें कीं, पारव्यांच्या सुकलेल्या विष्ठेंत ती विपुल वाढते. पारवा स्वतः सहसा आजारी पडत नाहीं. त्याच्या बैठकीखालची धूळ श्वासाबरोबर नाकांत गेली म्हणजे इतरांस बाधा होते, आणि तीहि हजारांतून एखाद्यासच. तिची एक जातभगिनी झाडांच्या आश्रयानें रहाते. १९९० सालीं ऑस्ट्रेलियांत तिचा निलगिरीच्या झाडांशीं संबंध दिसून आला. पुढें दिल्लीच्या संशोधकांनीं जुन्या जांभळीच्या कुजक्या ढोलींतून ह्या बुरशीचे दोन्ही प्रकार काढून दाखविले. कॅनडांतील व्हँकूव्हर बेटावर १९९९ पासून माणसांत हा रोग दिसूं लागला, तेव्हां तेथील कुत्रींमांजरेंहि त्यानें आजारी पडत होतीं. कुत्र्याचें नाक जमिनीशीं, आणि सार्‍या जगाची ओळख तें नाकानें करून घेणार. झाडाच्या बुंध्याशीं काय आहे हें त्यास आपल्या आधीं कळावें यांत नवल नाहीं.

आमच्या परसांत एक जुनी, पोकळ झालेली जांभूळ आहे; तिच्या ढोलींत नाक खुपसून ठकी तासन्‌तास सरड्यांची वाट पाहत बसे. आमच्या माडीवर पारवेहि आहेत, आणि त्यांस रोज सकाळीं मूठभर ज्वारी टाकण्याचा नेम आमचा स्वतःचा, वडिलांपासून चालत आलेला. दोहोंपैकीं दोष कोणाचा, हें वैद्यांस सांगतां येईना. आम्हीं माडीच्या खिडकीस जाळी बसविली, पण ती नंतर.

औषध सुरू झालें. पहिले आठ दिवस ठकीनें मान थोडी सरळ धरली आणि घरांत सर्वांनीं एकमेकांस तें बोलून दाखविलें. नवव्या दिवशीं ती उठली नाहीं. ९ ऑगस्टच्या पहांटे, ऐन नागपंचमीस, ती गेली.

शिराळ्याची नागपंचमी महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. बत्तीस गांवांचें हें शिराळें. येथें समर्थांनीं स्थापिलेला मारुति आहे, गोरक्षनाथांचें स्थान आहे. परंतु परगांवच्या मनुष्यास शिराळें म्हटलें कीं नागच आठवतो. जिवंत नाग धरून मिरविण्याची जुनी चाल, १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यामागून आलेले न्यायालयाचे निर्बंध यांमुळें बंद पडली होती. त्या वर्षीं प्रतिमांचीच पूजा झाली. तथापि ढोलताशांत आणि गर्दींत कांहीं उणें नव्हतें. आणि घराघरांतील नेम तर जसाच्या तसा आहे: त्या दिवशीं विळीवर चिरावयाचें नाहीं, तवा चढवावयाचा नाहीं, शेतांत नांगर धरावयाचा नाहीं, आणि भुई खणावयाची नाहीं.

आम्ही कुदळ घेऊन परसाकडे निघालों होतों. आत्याबाईंनीं दारांत अडविलें. त्या म्हणाल्या, "अरे, ज्याचा सण त्याच्याच डोक्यावर पहार घालूं नये. राहूं दे तिला आजची रात्र घरीं." आम्ही स्वतः असल्या गोष्टी फारशा मानीत नाहीं, पण त्या वेळीं वाद घालण्याचें त्राण नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर ती रात्र मिळाली हें आम्हांस बरेंच वाटलें. बाजारांतून बर्फाची लादी आणविली, टोपलींत लिंबाचा पाला घातला, आणि मागल्या पडवींत तिला ठेविलें. बाहेर मिरवणुकीचा गजर चालला होता. झोंप येणें शक्यच नव्हतें, म्हणून हाताशीं आलेलें एक पुस्तक उघडलें, तें निघालें ग्रँट डफचें.

कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत सातार्‍यास इंग्रजांचा प्रतिनिधि होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि थोड्याच वर्षांत कॅप्टन केपन यानें त्याचें मराठी भाषांतर सिद्ध करविलें. तेंच कित्येक वर्षें आमच्या मुलांच्या हातीं होतें. ह्या इतिहासांत शाहूमहाराजांच्या अखेरच्या दिवसांविषयीं लिहितांना डफ म्हणतो कीं, मृत्यूपूर्वीं कांहीं वर्षें महाराजांची बुद्धि भ्रमिष्टासारखी झाली होती, आणि धाकट्या राणी सगुणाबाई यांच्या निधनानें तसें झालें अशी वदंता होती. भ्रमाच्या लक्षणांत तो कुत्र्याची गोष्ट सांगतो. सरदार दरबारांत भेटीस यावयाचे असतां महाराजांनीं कुत्र्यास जरीचा पोशाख घालून जवाहीर चढविलें, आणि स्वतःचें पागोटें काढून त्याच्या डोक्यावर ठेविलें. त्यानंतर महाराजांनीं आपल्या मस्तकावर पुन्हां कांहीं घातलें नाहीं. ह्या कुत्र्यानें वाघाच्या शिकारींत एकदां महाराजांचा जीव वांचविला होता. म्हणून त्याच्या नांवें जहागिरीच्या सनदा झाल्या, त्यास पालखीचा मान मिळाला, आणि महाराजांच्या लहरीखातर पालखीचा तो सरंजाम खरोखरच चालविला गेला.

आम्हीं हा मजकूर पूर्वीं वाचला होता व हंसलों होतों. त्या रात्रीं मात्र तो वाचून डफसाहेबांचा राग आला. राग हें कांहीं प्रमाण नव्हे, हें आम्ही जाणतों. म्हणून पुढें शांतपणें ह्या गोष्टीचा विचार केला, तो येथें मांडतों.

नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच डफच्या इतिहासावर टीका लिहून त्याचे दोष उघड केले. ती १८६८ च्या सुमारास 'विविधज्ञानविस्तारां'त आली, आणि मराठी इतिहाससंशोधनाचा पाया तेथें घातला गेला असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढच्या पिढ्यांनीं डफच्या लढाया, तारखा, तह सर्व तपासून पाहिले. खंड्याकडे मात्र कोणी गंभीरपणें वळलें नाहीं. दरबारांतील प्रसंगाची सातार्‍याकडील आख्यायिका निराळी आहे. कदम घराण्यांतील इंद्रोजी नांवाचे सरदार आपल्या ऐश्वर्याचा मोठा डौल मिरवीत दर्शनास येणार होते. तेव्हां महाराजांनीं दरबारी मंडळींस साध्या पोशाखांत बसविलें, स्वतः अंगावर अलंकार घातला नाहीं, आणि घरांतलें होतें नव्हतें तेवढें जवाहीर कुत्र्यास घातलें. आख्यायिकेचा अर्थ इतका उघड आहे कीं, दागिन्यांनीं मढलेल्या त्या सरदारास तो समजावून सांगावा लागला नसेल. ही गोष्ट खरी धरिली तर तींत भ्रम कोठें आहे? राज्यकारभार पेशव्यांच्या हातीं गेल्यावर, ज्यास सैन्य पाठवून कोणाची खोड मोडतां येत नाहीं अशा राजानें केलेला हा विनोद आहे, आणि तो चांगला तिखट आहे.

जहागिरीचेंहि तसेंच. जीव वांचविणारास इनाम देणें ही त्या राज्यांतील नित्याची रीत होती. आतां कुत्रें कांहीं वसूल गोळा करावयास जात नाहीं. त्याच्या नांवच्या उत्पन्नावर त्यास संभाळणारे चाकर, त्याची पालखी वाहणारे भोई यांचीं घरें चाललीं असलीं पाहिजेत. हत्तींच्या आणि घोड्यांच्या नेमणुका दप्तरीं लागत, त्यांस कोणी खूळ म्हणत नाहीं, कारण हत्तीघोडे लढाईच्या उपयोगाचे. वाघाच्या तोंडांतून धन्यास सोडवणें हा उपयोग नव्हे काय?

आणि शाहूमहाराज कोण होते हेंहि विसरतां कामा नये. १६८२ सालीं जन्म. सातव्या वर्षीं, बापाचा वध झालेला, रायगड पडलेला, अशा स्थितींत मातेसह मोंगलांच्या स्वाधीन. १७०७ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंचविशीपर्यंत, शत्रूच्या छावणीबरोबर भटकंती. सुटून आल्यावर आप्तांशींच युद्ध. १७०८ च्या जानेवारींत सातार्‍यास अभिषेक झाला, त्यापुढें चाळीसएक वर्षें राज्य केलें. शिकार, बागा, पक्षी आणि कुत्रीं यांचा त्यांस नाद होता. १७४८ च्या ऑगस्टांत सगुणाबाई गेल्या, मागें राज्यास पुत्र नाहीं, दत्तकाचे तंटे घरांतच पेटलेले, आणि १५ डिसेंबर १७४९ रोजीं महाराजांनीं देह ठेविला. त्यांच्या थोरल्या राणी सकवारबाई माहुलीस सती गेल्या. अशा आयुष्यांत ज्यानें कधीं कांहीं मागितलें नाहीं व कोणाचा पक्ष धरला नाहीं असा प्राणी एकच असावा, आणि त्याच्यावर राजानें पागोटें ठेवावें, हें आम्हांस आतां वेडेपणाचें वाटत नाहीं.

कुत्र्याच्या स्मारकाची चाल दक्षिणेंत शाहूमहाराजांच्या पूर्वीं आठशें वर्षें तरी होती. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळांतील, सुमारें इ. स. ९५० चा, आतकूरचा शिलालेख म्हैसूरकडील प्रांतांत सांपडला आहे. गंग राजा बूतुग याचा मणलेर नांवाचा एक शूर सेवक होता. युद्धांतील पराक्रमावर खूष होऊन राजानें त्यास "माग" म्हटलें, तेव्हां त्यानें राजाची 'काळी' नांवाची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढें काळीची एका प्रचंड रानडुकराशीं झुंज लागली व दोघेंहि मेलीं. तिच्यासाठीं देवळापाशीं शिळा उभारली, जमीन तोडून दिली, आणि त्या शिळेची पूजा लावून दिली. शिळेवर कुत्री आणि डुक्कर समोरासमोर भिडलेलीं कोरलीं आहेत. हें सर्व पुराण नव्हे. दगडावरचा लेख आहे.

पुराणाचें उदाहरण द्यावयाचें तर सर्वांस युधिष्ठिर आठवेल. कुत्र्यास सोडून स्वर्गांत यावयाचें नाहीं, असें त्यानें इंद्रास बजाविलें. परंतु त्या कथेविषयीं आमची एक जुनी तक्रार आहे. तें कुत्रें शेवटीं साक्षात् यमधर्म निघतें. तें कुत्रेंच राहिलें असतें तर कथा अधिक थोर झाली असती, असें आम्हांस वाटतें. ह्या बाबतींत खंड्या आणि काळी वरचढ आहेत. तीं अखेरपर्यंत कुत्रींच होतीं. खंडोबाच्या महाराष्ट्रांत तर कुत्र्यास परकें मानण्याचें कारणच नाहीं. देवाबरोबर कुत्रा आहे, आणि देवाचे वाघ्ये स्वतःस त्याचे कुत्रे म्हणवून भुंकतात. आमच्या समजुतीप्रमाणें खंड्या हें नांवहि तेथूनच आलें असावें. रायगडावरील वाघ्याचा पुतळा १९३६ सालचा. त्यासाठीं इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनीं द्रव्य दिलें. त्या वाघ्याच्या इतिहासाबद्दल मोठा वाद आहे, २०२५ सालीं तो पुन्हां पेटला, आणि आमच्या विषयास त्यांत शिरण्याची गरज नाहीं.

मुंबईचें एक प्रकरण मात्र सांगितलें पाहिजे, कारण तेथें कुत्र्यांसाठीं माणसें रस्त्यावर आलीं. मोकाट कुत्रीं मारण्याचा सरकारी हुकूम तेथें बरींच वर्षें होता. १८३२ च्या जून महिन्यांत त्याची अंमलबजावणी फार कडक झाली. पारशी धर्मांत कुत्र्यास पवित्र स्थान आहे. मृताच्या अंतिम विधींत त्याची दृष्टि पडावी लागते. पारशी मंडळींनीं कुत्री मारणारांस अडविलें, दुकानें बंद पडलीं, आणि शहरांत दोन दिवस दंगा झाला. दोन वर्षांनीं, १८३४ त, सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांनीं मुंबईचा पांजरपोळ काढला. पुढें १८८३ त परळास दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें बाई साकरबाईंच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय झालें, आणि १८८६ त त्यास लागूनच पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. दंगा, मग पांजरपोळ, मग रुग्णालय: आजारी जनावरास औषध द्यावें ही कल्पना आमच्या प्रांतांत ह्या क्रमानें रुजली.

औषधाची हकीकत थोडक्यांत सांगून हें पुरें करूं. जंतूंवर पेनिसिलिनासारखीं औषधें निघालीं तरी शरीराच्या आंत शिरलेल्या बुरशीवर बराच काळ विश्वासाचें असें कांहीं नव्हतें. १९५० सालीं एलिझाबेथ हेझन आणि रेशेल ब्राउन ह्या दोन अमेरिकन विदुषींनीं व्हर्जिनियांतील एका गोठ्याजवळच्या मातींत सांपडलेल्या सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन काढलें. मग व्हेनेझुएलांतील ओरिनोको नदीकांठच्या मातींतून अँफोटेरिसिन आलें. आणि आमच्या पुण्याजवळ पिंपरीस १९५४ त स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ह्या सरकारी कारखान्यांत, म्हैसूरकडील बुरशीशास्त्रज्ञ तिरुमलाचार यांनीं हॅमायसिन शोधिलें. ज्या सूक्ष्मजीवापासून तें निघालें त्यास 'पिंप्रिना' असें गांवावरून नांव मिळालें. पोटांत घेतलेलें हॅमायसिन अंगीं फारसें लागत नाहीं, म्हणून त्याचा उपयोग बहुधा वरून लावण्यापुरता राहिला. ठकीस दिलेलें औषध ह्यांपैकीं नव्हे, तें पुढच्या पिढीचें, प्रयोगशाळेंत घडविलेलें होतें. तें मेंदूपर्यंत पोंचतें. पण महिनोन्‌महिने द्यावें लागतें. चैत्रांत सुरू झालें असतें तर महिने मिळाले असते.

नागपंचमीच्या दुसर्‍या दिवशीं सकाळीं जांभळीपासून दूर, पेरूच्या झाडाखालीं, आम्हीं खड्डा खणला. पावसानें भुई मऊ झाली होती, फार वेळ लागला नाहीं.

कार्तिकांत माहुलीस निघालों, तेव्हां आत्याबाईंनीं एक भाकरी फडक्यांत बांधून दिली, आणि कशासाठीं तें सांगितलें नाहीं. कृष्णेचें पाणी उतरलें होतें. खंड्याच्या मूर्तीशीं जाऊन आम्हीं ती भाकरी पुढें ठेविली व थोडे बाजूस बसलों. पांच मिनिटांत घाटावरचें एक काळें कुत्रें आलें, त्यानें आमच्याकडे एकवार पाहिलें, आणि भाकरी उचलून पायर्‍या उतरून गेलें.

घरीं येऊन हें आत्याबाईंस सांगितलें. "शेपटी कशी होती?" एवढेंच त्यांनीं विचारलें.